जुन्या परीक्षा-पुस्तकांचं आयुष्य किती? (नीट, सीईटी, एमपीएससी, जीआरई)

घडीची_वही

ट्रंकभर पुस्तकं आहेत. ठेवायची की रद्दीत घालायची ते ठरवायचंय. वापरणारी मुलगी अकरावीत आहे, राज्य मंडळ, सायन्स. नीट आणि एमएचटी-सीईटी दोन्ही देणार. ट्रंकेतला माल असा: एनसीईआरटीचं बायोलॉजी आणि केमिस्ट्री, अकरावी-बारावी दोन्ही, 2019 ची छपाई. एका क्लासची मॉड्यूल, 2019-20 ची. सीईटीचे प्रकरणवार एमसीक्यू संच दोन, एक 2018 चा, एक 2021 चा. नीटचे मागचे पेपर, 2013 ते 2020. तळाशी एमपीएससीचे तीन ठोकळे आणि जीआरईचं 2017 चं एक जाडजूड पुस्तक.

"दोन वर्षांपेक्षा जुनं वापरू नका" एवढंच लिहायचं असेल तर कृपया लिहू नका, ते दुकानदारही सांगतो. काय चालत नाही आणि का, ते हवंय.

रसायनवाला

छपाईचं साल बघून काही कळत नाही. त्या सालानंतर अभ्यासक्रम हलला का, ते बघायचं. नीटसाठी तो दोन टप्प्यांत हलला. एनसीईआरटीने 2022-23 साठी पुस्तकांना कात्री लावली आणि नोव्हेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नीट 2024 चा नवा अभ्यासक्रम काढला. तुमचा नीटचा सगळा माल या दोन्हींच्या आधीचा आहे.

केमिस्ट्रीतून गेलेले धडे: सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, स्टेट्स ऑफ मॅटर, हायड्रोजन, एस-ब्लॉक, धातूंचं निष्कर्षण, पॉलिमर, केमिस्ट्री इन एव्हरीडे लाइफ, एन्व्हायर्नमेंटल केमिस्ट्री. एवढं वाचून लोक जुन्या मॉड्यूलमधली ही पानं टराटरा फाडतात. तुमच्याकडे ती घोडचूक होईल. सीईटी राज्य मंडळाच्या पुस्तकांवर निघते, आणि मंडळाच्या बारावी केमिस्ट्रीचा पहिलाच धडा सॉलिड स्टेट आहे, पंधरावा पॉलिमर. अकरावीतले ग्रुप 1 आणि 2 चे मूलद्रव्य, स्टेट्स ऑफ मॅटर, अ‍ॅडसॉर्प्शन-कोलॉइड्स हेही सीईटीच्या यादीत आहेत. तेच पान नीटला मेलेलं आणि सीईटीला जिवंत.

आणि अशी पानं शिळीही होत नाहीत. एकक कोशिकेची घनता काढायचं सूत्र तेच, पॅकिंग एफसीसीला (फलक-केंद्रित घन) 74 टक्के, बीसीसीला (अंतःकेंद्रित घन) 68, साध्या घनाला 52.4. 2019 चं गणित आज सोडवलं तरी उत्तर तेच येणार.

नीटनेटका

बायोलॉजीचं प्रकरण वेगळं आहे, तिथे वाक्यावर प्रश्न येतो. अकरावीचे 22 धडे होते ते 19 झाले (ट्रान्सपोर्ट इन प्लांट्स, मिनरल न्यूट्रिशन, डायजेशन अँड अ‍ॅबसॉर्प्शन गेले). बारावीचे 16 चे 13 झाले (रिप्रॉडक्शन इन ऑर्गॅनिझम्स, अन्न उत्पादनवाढीचा धडा आणि एन्व्हायर्नमेंटल इश्यूज गेले). बारावीचा पहिलाच धडा गेल्यामुळे पुढचे सगळे क्रमांक सरकले. जुन्या पुस्तकात ह्यूमन हेल्थ आठवा होता, आता सातवा. बायोटेक्नॉलॉजी प्रिन्सिपल्स अकरावा होता, आता नववा. टेस्ट सिरीजवर "धडा 9" असं छापलेलं असलं की मूल जुनं पुस्तक उघडून अन्न उत्पादनवाढ वाचत बसतं. टेस्ट बायोटेकची असते.

राहिलेल्या धड्यांतही आतून कात्री लागली आहे. चेतासंस्थेच्या धड्यातून डोळा आणि कान गेले. म्हणून बायोलॉजीपुरतं माझं मत कडक आहे: एनसीईआरटी नवीच घ्या. स्वस्त आहे, आणि परिषदेच्या संकेतस्थळावर फुकट पीडीएफही आहे. 2019 ची प्रत जवळ ठेवून रोज दोन पुस्तकं ताडून बघण्यात जो वेळ जातो, त्याची किंमत पुस्तकापेक्षा जास्त.

एका वाक्याचा फरक किती महाग पडतो ते बघायचं तर नीट 2024 चा फिजिक्समधला अणूवरचा प्रश्न घ्या. दोन विधानं होती, दुसरं असं की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट देतात. जुन्या एनसीईआरटीच्या आधारे एक पर्याय बरोबर ठरत होता, नव्या आवृत्तीच्या आधारे दुसरा. एनटीएने (परीक्षा घेणारी संस्था) दोन्हींना गुण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांचं मत मागवलं आणि एकच पर्याय बरोबर ठरला. दुसरा निवडणाऱ्यांची संख्या चार लाखांवर होती. त्यांचे 4 गुण गेले आणि वर 1 वजा, म्हणजे पाचाचा फटका. 720 पैकी 720 वाले 61 होते, ते 17 उरले.

घडीची_वही

बापरे. म्हणजे जुनं एनसीईआरटी वाचून आले असं कोर्टात सांगून उपयोग नाही.

नीटनेटका

नाही झाला. मराठी माध्यमातून नीट देणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: भाषांतरात संदिग्धता निघाली तर इंग्रजी प्रश्न अंतिम धरतात. त्यामुळे मराठी नोट्स कितीही चांगल्या असोत, वाक्य ताडायचं ते चालू इंग्रजी आवृत्तीशीच.

शून्य_ऋण

धडे झाले, आता पेपरच्या ठेवणीबद्दल. इथे गंमत आहे. 2013 ते 2020 चे पेपर टाकायला निघालेल्यांनी थांबावं.

2020 पर्यंत नीट म्हणजे 180 प्रश्न, 180 मिनिटं. 2021 मध्ये प्रत्येक विषयात ए आणि बी असे विभाग आले, बीमध्ये 15 पैकी 10 सोडवायचे. छापलेले प्रश्न 200, सोडवायचे 180. त्या वर्षी वेळ तोच राहिला, 2022 पासून 200 मिनिटं झाला. 2025 मध्ये ऐच्छिक विभाग गेला आणि पुन्हा 180 प्रश्न, 180 मिनिटं. म्हणजे घड्याळ लावून सराव करायचा तर 2019 चा पेपर आजच्या परीक्षेला 2023 च्या पेपरपेक्षा जवळचा आहे. 2021-24 चे पेपर लावून बसलेल्या मुलांना प्रश्न सोडून द्यायची सवय लागते, ती आता नडते.

फक्त जुन्या पेपरातले वगळलेल्या धड्यांवरचे प्रश्न आधी मोठ्या माणसाने खोडायचे, मुलाने नाही. जितके खोडाल तितकी मिनिटं कमी करा. समजा 17 खोडले, तर 163 प्रश्न आणि 163 मिनिटं. हे केलं नाही तर मुलाला वाटतं आपला वेग वाढलाय, आणि खऱ्या पेपरात शेवटचे पंधरा-वीस गोळे कोरे राहतात.

खोडलेले प्रश्न सीईटीच्या यादीतले असतील तर वेगळ्या वहीत उतरवा. रसायनवाला म्हणतात तेच.

मास्तर_सांगली

आता सीईटीकडे वळू, कारण इथे लोक नीटच्या नादात तिला विसरतात.

राज्य मंडळाची अकरावीची नवी पुस्तकं 2019-20 मध्ये आली, बारावीची 2020-21 मध्ये. 2018 चा संच त्याआधीच्या पुस्तकावरचा. त्या बारावी फिजिक्समध्ये 20 धडे होते, आता 16 आहेत. गुरुत्वाकर्षण आणि इलॅस्टिसिटी तेव्हा बारावीत होते, आता अकरावीत गेले. कम्युनिकेशन सिस्टिम्स हा शेवटचा धडा तर नव्या बारावीत नाहीच. मॅथ्समध्ये कंटिन्युइटी बारावीतून अकरावीत सरकली.

धडा इकडून तिकडे गेला तर काय फरक पडतो, असं वाटेल. पडतो, कारण सीईटीत अकरावीचा वाटा 20 टक्के आणि बारावीचा 80 टक्के. शिवाय अकरावीचे सगळे धडे नसतात, सीईटी कक्षाने दिलेल्या यादीतलेच असतात. 2018 च्या संचात बारावीचा म्हणून जो धडा दणकून करायला लावलाय, तो आज वीस टक्क्यांच्या पिशवीत असू शकतो, किंवा पिशवीबाहेर.

त्या संचातलं इंटिग्रेशन, डिफरेन्शिएशन, मॅट्रिसेस, पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स बेलाशक वापरा. मॅथ्सला 50 प्रश्न, 100 गुण, 90 मिनिटं. जुनी गणितं हात बसवायला उत्तम. निगेटिव्ह मार्किंग सीईटीत नाही, त्यामुळे नीटच्या पुस्तकातली "शंका असेल तर सोडा" ही शिकवण इथे उलटी लागू होते.

2021 चा संच वरवर बरा दिसतो, पण एक खोच आहे. करोनाच्या त्या वर्षी मंडळाने अभ्यासक्रम 25 टक्के कमी केला होता. त्या वर्षीच्या काही संचांत ते भाग छापलेलेच नाहीत. मुलगी म्हणते धडा झाला, आणि धड्याचा तिसरा हिस्सा पुस्तकात नसतो. मंडळाचं चालू पुस्तक शेजारी उघडा आणि संचातली उपशीर्षकं त्याच्याशी लावून बघा.

पीसीबी (फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी) ग्रुपवाल्यांसाठी: नीटमधून गेलेला वनस्पतींतल्या वहनाचा भाग, मिनरल न्यूट्रिशन आणि अन्न उत्पादनवाढ हे तिन्ही मंडळाच्या बारावी बायोलॉजीत ठाण मांडून बसलेत: सहावा, सातवा आणि अकरावा धडा. 2019 ची एनसीईआरटी त्या तीन विषयांसाठी पूरक वाचन म्हणून ठेवा. नीटनेटका रागावतील, पण ठेवा.

नीटनेटका

रागावत नाही, मास्तर. वरच्या कव्हरवर लाल पेनाने "फक्त सीईटी" लिहा म्हणजे झालं.

घडीची_वही

हे सगळं लावायचं कसं? एकेक पान बघत बसायचं का?

रसायनवाला

पान नाही, अनुक्रमणिका. चालू अभ्यासक्रमाची छापील प्रत घ्या, नीटची एक आणि सीईटीची एक. जुन्या पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत प्रत्येक धड्यापुढे दोन खुणा करा: नीटला आहे का, सीईटीला आहे का. एका पुस्तकाला पाऊण तास पुरतो. दोन्हीकडे नाही अशी पानं स्टेपल करून टाका, फाडू नका. मागचं पान कामाचं असतं हे फाडल्यावर कळतं.

मग उत्तरांची तपासणी. कुठलेही वीस प्रश्न उचला, सगळे एकाच धड्यातले नकोत, आणि उत्तरं चालू पाठ्यपुस्तकावरून ताडा. एक चुकलं तर छपाईची चूक समजू. तीन-चार चुकली तर पुस्तकावर भरवसा ठेवू नका, मग ते 2019 चं असो की कालचं. खासगी प्रकाशनांत मागच्या वर्षीच्या प्रश्नांना बहुतेक वेळा पहिली, तात्पुरती उत्तरतालिका चिकटवलेली असते. हरकतींनंतर अंतिम तालिकेत काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्द होतात. पुढच्या छपाईत ते दुरुस्त होईलच असं नाही.

आधी वापरणाऱ्याने पेन्सिलीने उत्तरांवर खुणा केल्या असतील तर आधी खोडरबर. खूण दिसली की मूल प्रश्न वाचतच नाही. पेनाच्या खुणा असतील तर तो संच सरावासाठी संपला, फक्त उजळणीला वापरा. क्यूआर कोड आणि अ‍ॅपचे कूपन पुस्तकाआधी मरतात, त्यांचा हिशोब धरू नका.

अप्पा_चौक

एमपीएससीच्या ठोकळ्यांबद्दल कुणी बोललं नाही. हा माल सगळ्यांत लवकर नासतो, पण सगळा एकदम नासत नाही.

आधी परीक्षा बदलली ते बघा. राज्यसेवा मुख्य 2012 पासून बहुपर्यायी होती, शेवटी 800 गुणांची. वर्णनात्मक पद्धत 2023 पासून आणायची ठरली, पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली आणि ती 2025 वर गेली. आता नऊ पेपर: दोन भाषांचे 300-300, ते फक्त पात्रतेपुरते. गुणवत्तेत निबंध, सामान्य अध्ययनाचे चार आणि वैकल्पिकचे दोन, प्रत्येकी 250, एकूण 1750. मुलाखत 275. तुमचे ठोकळे मुख्यचे असतील तर त्यातली माहिती उपयोगी पडेल, पण चार पर्याय बघून उत्तर ओळखायची सवय लेखी उत्तराला अजिबात उपयोगी नाही. पूर्वपरीक्षेला आणि गट ब, गट कच्या पूर्वपरीक्षेला बहुपर्यायी सराव अजून लागतो.

मग मजकूर. राज्यघटनेचा मूळ ढाचा, मराठ्यांचा इतिहास, समाजसुधारक, प्राकृतिक भूगोल हे दहा वर्षं जुनं पुस्तकही चालवून नेतं. पण त्याच पुस्तकातलं हे शिळं असेल: 31 ऑक्टोबर 2019 आधीचं असेल तर 29 राज्यं लिहिलेली असतील, आता 28 आहेत, केंद्रशासित प्रदेश 8. घटनादुरुस्त्या 106 पर्यंत गेल्या, महिला आरक्षणाची 2023 ची. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर या जिल्ह्यांची नावं बदलली. राज्यात रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) एकही नाही असं छापलेलं असेल, आता नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी अशी तीन. अभिजात भाषा सहा लिहिलेल्या असतील. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीसह पाच वाढल्या, अकरा झाल्या.

पीएसआयची तयारी असेल तर कायद्याचं जुनं पुस्तक सरळ बाजूला ठेवा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाचं कलम 302 पाठ केलेल्याला आता 103 लिहायचंय, आणि 302 हे नव्या संहितेत भलत्याच गुन्ह्याचं कलम आहे. फौजदारी प्रक्रिया आणि पुरावा कायदाही त्याच दिवशी बदलले.

अर्थशास्त्रात संकल्पना ठेवा, आकडे खोडा. लघुउद्योगांच्या व्याख्येचं बघा: 2020 मध्ये बदलली, पुन्हा 1 एप्रिल 2025 पासून बदलली. सूक्ष्म उद्योग म्हणजे आता अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल. पाच वर्षांत दोनदा. जनगणना मात्र 2011 चीच अजून चालते, तेवढी तक्त्यांची पानं दहा वर्षांपूर्वीची असली तरी ताजी.

मास्तर_सांगली

जुन्या राज्य मंडळाच्या इतिहास-भूगोलाच्या पुस्तकांच्या झेरॉक्स पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात अजून विकतात ना?

अप्पा_चौक

विकतात. अकरावीचा जुना इतिहास वगैरे. विषय समजायला चांगली, पण शंका निघाली आणि जुन्या-नव्या पुस्तकात तफावत दिसली तर उत्तरतालिकेवरची हरकत नव्या पुस्तकाचं पान लावून घ्यावी. झेरॉक्सवर छपाईचं साल बहुतेक कापलेलंच असतं, घेताना ते पान मागून बघा.

बे_एरिया

जीआरईचं (परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) पुस्तक टाकू नका. जीआरई 22 सप्टेंबर 2023 पासून छोटी झाली, पावणेचार तासांची एक तास 58 मिनिटांवर आली. पण प्रश्नांचे प्रकार तेच राहिले, आणि दर प्रश्नाला मिळणारा वेळही. पूर्वी व्हर्बलचे (भाषेचे) 20 प्रश्न 30 मिनिटांत, म्हणजे दीड मिनिट. आता 12 प्रश्न 18 मिनिटांत, दीडच. क्वांटला (गणिताला) 20 प्रश्न 35 मिनिटांत होते, आता 12 ला 21 मिनिटं. पावणेदोन मिनिटं तेव्हाही, आताही. 2017 च्या पुस्तकातला क्वांटचा एक विभाग घ्या, पहिले 12 प्रश्न, 21 मिनिटांचं घड्याळ. झालं. फक्त आर्ग्युमेंटचा निबंध गेला, इश्यूचा राहिला. 2011 आधीचं पुस्तक कुठे सापडलं तर मात्र त्यातले अँटॉनिम आणि अ‍ॅनालॉजी सोडून द्या, ते प्रकारच उरले नाहीत.

जीमॅटला (एमबीए प्रवेशाची परीक्षा) असं होत नाही. नव्या आवृत्तीत सेंटेन्स करेक्शन गेलं, भूमिती गेली, डेटा सफिशियन्सी क्वांटमधून डेटा इनसाइट्समध्ये गेली. जुन्या जाड पुस्तकाचा मोठा हिस्सा निकामी. टोफेल (इंग्रजीची परीक्षा) 2023 मध्ये बदलली आणि 21 जानेवारी 2026 पासून पुन्हा, आता गुणांकनच 1 ते 6. तिथे जुनं काही घेऊच नका.

इथे अमेरिकेतल्या मराठी घरांत सॅटची (पदवी प्रवेशाची परीक्षा) कागदी पुस्तकं पडून असतात. गणिताला वापरा. वाचनाचे लांबलचक उतारे सोडा, डिजिटल सॅटमध्ये एका छोट्या उताऱ्यावर एकच प्रश्न असतो.

नीटनेटका

ट्रंक बंद करण्याआधी एक राहिलं, आणि ते माझ्याच वरच्या कडक मताच्या विरुद्ध जातं.

एनसीईआरटीने केमिस्ट्रीतून पी-ब्लॉक काढला, अकरावीतूनही आणि बारावीतूनही. पण नीटच्या अभ्यासक्रमात पी-ब्लॉक आहे, ग्रुप 13 ते 18. नवं पुस्तक आणून तेवढंच वाचणाऱ्याला तो धडा दिसतच नाही. फिजिक्समध्ये लॉजिक गेटचंही असंच: पुस्तकातून गेले, अभ्यासक्रमात आहेत. बायोलॉजीत वनस्पतींच्या पाच कुळांची नावं अभ्यासक्रमात छापली आहेत, पुस्तकात मात्र सोलॅनेसी तेवढं उरलंय. प्रॅक्टिकल केमिस्ट्रीचं युनिट नव्याने आलं, त्याला प्रयोगवही लागते.

तेव्हा 2019 च्या केमिस्ट्रीतले पी-ब्लॉकचे दोन्ही धडे वेगळे काढून बाइंड करून घ्या. अभ्यासक्रमात शब्द आहेत ते इलेक्ट्रॉन संरूपण, गुणधर्मांचे सर्वसाधारण कल आणि गटातल्या पहिल्या मूलद्रव्याचं वेगळेपण असे. ते आधी करा. प्रत्येक संयुगाची कृती आणि उपयोग पाठ करायचे ते त्यानंतर, वेळ उरला तर.

घडीची_वही

अकरावीचा आणि बारावीचा, दोन्ही सापडले. बारावीच्या धड्यातली ओझोनपासूनची आठ पानं पेनाने रंगवलेली आहेत.

रसायनवाला

बाकीची कोरी असतील तर बाइंडिंगला द्या. कलांचे तक्ते प्रत्येक गटाच्या सुरुवातीला असतात.